मक्यावरची अळी: वाचक विचारतात

या वेळच्या टपालात आणि व्हॉट्सॲपवर निम्म्याहून जास्त प्रश्न मक्याचेच आहेत, आणि बहुतेक सगळे मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवलीकडून आलेत. शेत गावाला, भाऊ नाहीतर काका तिकडे राबतोय, आणि फोटो बघून निर्णय घ्यायची वेळ इथे लोकलमध्ये उभ्या असलेल्या माणसावर. म्हणून उत्तरं देताना तोच माणूस डोळ्यासमोर ठेवलाय. काही प्रश्न शहरातल्या मक्याचेही आहेत, गच्चीवरचा, गाडीवरचा, माळ्यावरचा, तेही घेतलेत.

प्रश्न: माझा धाकटा भाऊ सिल्लोडकडे दोन एकर मका करतो. पेरून तीन आठवडे झाले. त्याने फोटो पाठवलाय, पानांना ओळीने भोकं पडलीत आणि मधल्या पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत, भुसा दिसतोय. दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितलीत. पैसे मी पाठवायचे आहेत. पाठवू का? (डोंबिवली)

दादा, पैसे आज पाठवू नका, आधी भावाकडून अजून दोन फोटो मागवा. पोंगा हाताने उलगडून अळी बाहेर काढायची आणि एक फोटो तिच्या डोक्याचा, एक शेपटीकडचा, अगदी जवळून. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात बसलेले दिसले तर ती अमेरिकन लष्करी अळी, मग शंकाच नको. तुमच्या फोटोवरून तीच वाटतेय. पानावर ओळीने भोकं का पडतात तर पान गुंडाळलेलं असतानाच अळी ते आरपार खाते, मग पान उलगडलं की एकाच चाव्याची चार-पाच भोकं आडव्या रांगेत दिसतात. पण खोडकिडाही अशी रांगेतली भोकं पाडतो म्हणून नुसत्या भोकांवर जाऊ नका. खोडकिड्यात भोकं बारीक असतात आणि पुढे मधलं पान सुकतं, धरून ओढलं की अलगद हातात येतं, त्याला पोंगेमर म्हणतात. लष्करी अळीत भोकं मोठी, वेडीवाकडी, कडा फाटलेल्या, आणि पोंग्यात ओला भुसा म्हणजे तिची विष्ठा भरपूर.

दुसरं काम मोजायचं. भावाला सांगा शेतात नागमोडी चालायचं, बांधालगतच्या ओळी सोडून आत जायचं, पाच ठिकाणी थांबून प्रत्येक ठिकाणी २० झाडं बघायची. म्हणजे १०० झाडं झाली, त्यात जितक्या झाडांवर ताजं नुकसान तितके टक्के, हिशोब करायला कॅल्क्युलेटर पण नको. अर्ध्या तासाचं काम आहे आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर मक्याच्या बाबतीत हा अर्धा तास कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त कामाचा आहे. कोवळ्या पिकात १०० मागे ५ झाडांवर नुकसान दिसलं की हालचाल करायची, पीक पाच ते सात आठवड्यांचं असेल तर १० पर्यंत थांबता येतं, त्यानंतर तुरा यायच्या आधी २० पर्यंत.

आता तीन आठवड्यांच्या पिकात काय करायचं. अळ्या बारीक असतील, म्हणजे पानावर नुसते पांढुरके, कागदासारखे पातळ पट्टे दिसत असतील आणि भोकं कमी असतील, तर ५ टक्के निंबोळी अर्क नाहीतर बीटी जिवाणूची पावडर लिटरला २ ग्रॅम, एवढ्यावर भागतं. अर्क घरी करायचा तर ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी कापडातून गाळून एकूण १०० लिटर पाणी करायचं, थोडा साबणाचा चुरा टाकायचा म्हणजे पानाला धरतं. अळ्या मोठ्या झाल्या असतील आणि मोजणी १० च्या वर गेली असेल तर रासायनिक घ्यावं लागेल, पण एकच. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के लिटरला ०.४ ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के लिटरला ०.४ मिली, किंवा स्पिनेटोरम ११.७ टक्के लिटरला ०.५ मिली. १५ लिटरच्या पंपाला अनुक्रमे ६ ग्रॅम, ६ मिली, साडेसात मिली झाले. यातलं एक. तीन एकत्र कशाला? अळी एकानेच मरणार असेल तर बाकीच्या दोघांचे पैसे पाण्यात, वर शेतातले मित्रकीटक पण जातात, आणि सगळी औषधं एकदम वापरून टाकली की पुढच्या वेळी अळीला काही लागूच पडत नाही. पुढची फवारणी लागलीच तर वेगळ्या गटातलं औषध घ्या, तेच परत नको.

आणि फवारायचं कसं हे भावाला फोनवर नीट सांगा, कारण इथेच बहुतेकांचं औषध वाया जातं. अळी पोंग्यात बसलेली, दिवसा आत दडते, स्वतःच्या विष्ठेने वरून तोंड बंद करून घेते, आणि आपण भर दुपारी पानांवरून नोझल फिरवत जातो. नोझल पोंग्याच्या तोंडावर धरायचा, आत पाणी उतरेल असं, आणि वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. शेवटच्या अवस्थेतली मोठी अळी मरता मरत नाही, आणि तिने आयुष्यात जे काही खायचं त्यातलं बरंचसं त्याच शेवटच्या दिवसांत खाते, म्हणून जे करायचं ते ती बोटाच्या पेराएवढी व्हायच्या आत. फोटो आले, मोजणी झाली, मग लागेल तेवढेच पैसे पाठवा.

प्रश्न: आमच्या वडिलांच्या वेळी मक्याला औषधच लागत नव्हतं. ही अळी आली कुठून आणि ती कायमची जाईल का? (कल्याण)

ही मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत सापडली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे भारतात पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे महाराष्ट्रातही पोचली. इतक्या झपाट्याने पसरायचं कारण तिचा पतंग. वाऱ्याची साथ असेल तर एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जातो. मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते, शंभर-दोनशेच्या पुंजक्यांनी, वर अंगावरच्या केसांचं पांघरूण घालून. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, अळी दोन-तीन आठवडे खाते, मग जमिनीत दोन ते आठ सेंटिमीटर खोल जाऊन कोष करते, आणि उबदार हवेत महिन्याभरात नवा पतंग तयार. तिच्या मूळ प्रदेशात उत्तरेकडे कडाक्याची थंडी पडते तिथे ती हिवाळा काढू शकत नाही, दरवर्षी दक्षिणेकडून नव्याने उडत यावं लागतं. आपल्याकडे तशी थंडीच नाही आणि कुठे ना कुठे बारा महिने मका उभा, त्यामुळे ती कायमची जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण कमी करता येते, आणि ते एकट्याने होत नाही, गावाने करायचं असतं. शिवारात एकाने जूनमध्ये पेरला, दुसऱ्याने जुलैत, तिसऱ्याने ऑगस्टमध्ये, की पतंगाला सतत कोवळा पोंगा मिळत राहतो, आणि सगळ्यात उशिरा पेरणाऱ्याचं सगळ्यात जास्त जातं. आठ-दहा दिवसांच्या आत सगळ्यांच्या पेरण्या झाल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. पेरणीआधी खोल नांगरट केली की कोष वर येतात, उन्हाने मरतात नाहीतर बगळे-साळुंक्या टिपतात. मक्यात तूर, उडीद, मूग यातलं काहीतरी आंतरपीक घ्या. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं असेल तर पहिले दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी निभावतात, हे बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. गावाला गणपतीला जाल तेव्हा या पेरणीच्या तारखांचा विषय चार लोकांत नक्की काढा, मुंबईहून आलेल्याचं ऐकतात लोक.

प्रश्न: ठाण्यात गच्चीवर १२ ग्रो बॅगमध्ये स्वीट कॉर्न लावलाय. इतक्या उंचावर, सातव्या मजल्यावर, आजूबाजूला शेत नाही, तरी पोंग्यात अळी निघाली. शिवाय तुऱ्यावर काळपट-हिरवे बारीक किडे चिकटलेत आणि मुंग्या फिरतात. घरात लहान मूल आहे, केमिकल नकोय. (ठाणे)

ताई, सातवा मजला पतंगाला काहीच नाही, वर वाचलंत ना तो किती लांब उडतो. पण १२ झाडं आहेत ही तुमची जमेची बाजू, एवढ्याला औषध लागतच नाही, हात पुरतात. रोज सकाळी चहा व्हायच्या आत एक फेरी मारा, पानं खालून-वरून बघा, मळकट कापसाचा पुंजका चिकटल्यासारखं दिसलं की ती अंडी, बोटांनी चिरडून टाका. पोंग्यात ओला भुसा दिसला तर काडीने किंवा चिमट्याने अळी काढा. एका पोंग्यात बहुतेक वेळा एकच मोठी अळी सापडते, कारण या अळ्या एकमेकींना खातात, तेव्हा एक काढली की ते झाड बहुतेक मोकळं. पोंगे लहान असेपर्यंत त्यात चिमूटभर कोरडी बारीक वाळू टाकली तरी अळीला त्रास होतो, शेतकरी ९ भाग वाळूला १ भाग चुना मिसळतात, पण मूल घरात आहे तर चुना राहू दे.

तुऱ्यावरचे ते मावा. पाण्याचा जोरात फवारा मारून धुवून काढा, दोन-तीन दिवस लागोपाठ. मुंग्या माव्याचं गोड पाणी प्यायला येतात आणि माव्याच्या शत्रूंना हुसकावतात, म्हणून बॅगेभोवती मुंग्यांची वाट तोडायची. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा, लेडीबर्ड, दिसला तर त्याला अजिबात हात लावू नका, तो आणि त्याची काळसर काटेरी अळी दोघंही मावा खातात. पुष्कळ जण ती अळी बघून घाबरून मारतात, ते करू नका. निंबोळी तेल वापरायचं तर तुऱ्यातून पिवळी पूड पडत असताना नको, मधमाश्या तेव्हाच येतात, आणि गच्चीवर त्यांना आधीच कमी जागा आहे. अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, बॅगा कठड्याला एका ओळीत लावल्या असतील तर तीन-चारच्या चौकोनात आणा, मक्याचं परागीकरण वाऱ्याने होतं आणि एका ओळीत कणसं अर्धवट भरतात, मग लोक त्याचा दोष किडीला देतात.

प्रश्न: गावाला भावासाठी ऑनलाइन कामगंध सापळे पाठवावेत असा विचार आहे. खरंच उपयोग होतो का? एकरी किती? (मुलुंड)

होतो, पण कशासाठी ते समजून घ्या. सापळ्यातल्या लूरला, म्हणजे आमिषाला, मादीसारखा वास असतो, त्याला भुलून नर येतात, फक्त नर. त्यामुळे एकरी ५ सापळ्यांनी अळी संपत नाही, ती आली का आणि कधी आली हे कळतं, आणि हेच तर हवंय. पेरणी झाल्या झाल्या लावायचे, पिकाच्या उंचीच्या थोडं वर, पीक वाढेल तसे वर सरकवायचे. रोज सकाळी मोजून घरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा, सापळ्याला रोज एखादा पतंग यायला लागला की पोंगे बघायला सुरुवात. नर पकडून संख्याच कमी करायची असेल तर एकरी १५ लागतात. ऑर्डर करताना लूर लष्करी अळीचीच आहे ना ते बघा, बऱ्याचदा कपाशीच्या बोंडअळीची येते आणि मग सापळा रिकामा बघून माणूस निर्धास्त राहतो, तेच जास्त वाईट. लूर उघड्यावर तीन-चार आठवड्यांत निकामी होते, जादा पाकिटं गावाला फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, आणि लावताना तंबाखू-अत्तर लागलेल्या हातांनी धरू नये.

प्रश्न: गिरगाव चौपाटीवर भुट्टा घेतला, टोकाला अळी होती. मुलाने अर्धा खाल्ला होता. काही होईल का? (ग्रँट रोड)

नाही हो, अळी पोटात गेली तरी ती विषारी नसते, घाबरू नका. कणसाच्या मिशांवर पतंग अंडी घालतो, अळी टोकाकडून आत शिरते, म्हणून नुकसान जवळजवळ नेहमी टोकालाच. भाजायच्या आधी सोलून बघायचं, दोन बोटं टोक कापून टाकायचं, बाकीचं कणीस उत्तम. फेकायचं कधी, तर अळीने कुरतडलेल्या जागी काळी, हिरवी नाहीतर गुलाबी बुरशी चढली असेल तेव्हा. बुरशीचं विष भाजून जात नाही, त्यामुळे तिथे कापून वापरायचा मोह नको.

प्रश्न: आमचा गोरेगावला छोटा तबेला आहे. हिरवा मका बाहेरून येतो. फवारलेला असेल तर म्हशींना चालतो का? (गोरेगाव)

वैरण देणाऱ्याला स्पष्ट विचारायचं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी ते कापणी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढे दिवस झाले नसतील तर माल घेऊ नका, दुधात उतरण्याचा प्रश्न आहे. जमलं तर एकाच शेतकऱ्याशी कायमचं बोलून ठेवा की वैरणीच्या मक्यावर बीटी, मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी) नाहीतर निंबोळी अर्क एवढंच मारायचं, दोन रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या.

प्रश्न: गावाहून आलेलं मक्याचं अर्धं पोतं माळ्यावर आहे, सोंडे झालेत. शेजारी म्हणतात सल्फासची गोळी ठेवा. (लालबाग)

नको. अजिबात नको. त्या गोळीला हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा गॅस सुटतो, बंद खोलीत माणसं मरतात त्याने, आणि चाळीत-फ्लॅटमध्ये तो भिंतीच्या फटींतून शेजारच्या घरातही जातो. घरात ठेवायची ती वस्तूच नाही. शेजाऱ्यांकडे असेल तर त्यांनाही सांगा, वाईटपणा आला तरी चालेल.

सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून बुजवते, अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून वरून स्वच्छ दिसणारा मका महिन्याभराने अचानक चालायला लागतो. चाळून फक्त वरचे किडे जातात. मका चाळा, पाण्यात टाकून तरंगणारे पोकळ दाणे काढा, पंख्याखाली आणि ऊन मिळेल तेव्हा उन्हात कडकडीत वाळवा, मग थोडा थोडा पिशवीत भरून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, त्याने अंडी-अळ्या सगळं मरतं. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात. दाणा दाताखाली टणकन फुटला पाहिजे, चेपला तर ओल आहे. मुंबईच्या जुलैत अर्धं पोतं ठेवूच नये खरं तर, गावाहून दिवाळीनंतर मागवा आणि महिन्याला पुरेल एवढंच.

प्रश्न: आमच्याकडे एजंट अळी न लागणारं बीटी मक्याचं बियाणं देतो म्हणून पैसे मागतोय, काका घ्यायला तयार आहेत. (विरार)

काकांना थांबवा. भारतात शेतकऱ्याला कायदेशीर लावता येणारं बीटी पीक (बीटी जिवाणूचं जनुक बियाण्यातच घातलेलं) म्हणजे २००२ पासून फक्त कपाशी, मक्याला तशी परवानगी नाही. म्हणजे पिशवीत एकतर साधं बियाणं आहे नाहीतर बेकायदेशीर, दोन्हीकडे काकाच अडकणार, आणि पावती नसल्यामुळे तक्रारही करता येणार नाही. परवानाधारक दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, पिशवी आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.

प्रश्न: मका डोक्याच्या वर गेलाय, तुरा आलाय, कणसात अळी दिसतेय. भाऊ म्हणतो एक फवारणी मारून टाकतो. (नालासोपारा)

ताई, त्याला नाही म्हणा. तुरा आल्यावर औषध पोचत नाही, अळी कणसाच्या आत सोलांखाली असते, आणि या वेळेपर्यंत दाण्याचं जे व्हायचं ते बरंचसं ठरलेलं असतं, शिवाय मधमाश्या मरतात. दिसतील त्या अळ्या वेचून घ्यायच्या आणि पुढच्या हंगामाचं आत्ताच ठरवायचं, बस्स.

पण मला जास्त काळजी भावाची वाटतेय. डोक्यावरच्या पिकात फवारताना औषध वरून आपल्याच तोंडावर, मानेवर, पाठीवर पडतं. २०१७ साली यवतमाळकडे कपाशी माणसाच्या उंचीची झाली होती आणि फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, कित्येक दवाखान्यात होते. ते सगळे कष्टाळू, रोज शेतात जाणारे लोक होते, कुणी निष्काळजी म्हणून गेलं नाही. भाऊ कधीही फवारणार असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याच्या उलट दिशेला तोंड करून नाही, उपाशीपोटी नाही, चोंदलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही, मधेच बिडी-तंबाखू नाही, आणि झालं की लगेच साबणाने अंघोळ. हे सामान तुम्ही मुंबईहून पाठवू शकता, औषधाच्या पैशांआधी ते पाठवा. फवारून आल्यावर डोकं गरगरणं, मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांना अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर झोप काढून बरं वाटेल म्हणून थांबायचं नाही, कपडे बदलून अंग धुवायचं आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, जाताना औषधाची बाटली किंवा निदान लेबल सोबत घ्यायचं म्हणजे डॉक्टरांना कुठलं विष ते लगेच कळतं. हा नियम भावाच्या घरातल्या बाकीच्यांनाही फोन करून सांगा, कारण त्या वेळी तो स्वतः सांगण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही.